नीलकाने मागे टाकलेली पावले

पूर्वी अश्मक देशात राजा अरिमर्दन सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्याच्या नगरीत जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. नाव नीलक. साठी उलटलेला, अंगाने काटक, बोलायला गोड.

त्या नगरीतून श्वेतगिरीच्या चैत्याला यात्रा जाई. बेचाळीस दिवसांची पायी वाट. नियम एकच, पण भारी कडक: पहिल्या दगडाला हात लावून निघाले की एकही पाऊल मागे टाकायचे नाही. टाकले की सगळी वाट फुकट, पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात. लोक इतके जपून चालत की ठेच लागली तरी पुढेच पडत!

नीलक यापूर्वी दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा तापाने फणफणून परतला होता. ही तिसरी खेप. चौथी जमायची नाही, हे गुडघे रोज सांगत होते. चैत्यासमोर एकदा हात जोडावेत, एवढीच त्याची आस होती. तो सर्वांच्या मागून चाले. कुणाच्या वहाणेचा अंगठा तुटला की तो माणूस बसून राही आणि नीलक मागून येऊन शिवून देई.

बेचाळिसावा दिवस उजाडला. संध्याकाळी पोहोचायचे म्हणून सगळे झपाझप चालत होते. दुपारी विहिरीपाशी सावलीत भाकरी वाटल्या, तेव्हा एक भाकरी उरली.

"उप्पलामाई कुठायत?" नीलकाने विचारले. ही पंचाहत्तरीची विणकरीण. एकुलता एक मुलगा गेला, त्याच्या नावाने स्वतः विणलेला शेला चैत्यावर चढवायला निघाली होती.

"येतील हो मागून," यात्रेचा पुढारी वसुभूती म्हणाला. हा धान्याचा मोठा व्यापारी.

"मागे मी होतो. माझ्या मागे कुणी नव्हतं."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले. विहिरीच्या थोडे आधी बाभळीपाशी फाटा लागला होता. डावी वाट कोरड्या घळीत जाते. नीलक वहाण शिवीत बसला असताना, अधू नजरेची माई एकटीच पुढे झाली आणि तिकडे वळली असणार. उन्हाचा हा कहर, आणि घळीत पाण्याचा थेंब नाही.

"वाईट झालं," वसुभूती म्हणाला. "पण आता मागे कोण जाणार? बेचाळीस दिवस मातीत घालायचे का? ज्याचं त्याचं नशीब, दुसरं काय!" आणि तो जेवू लागला.

नीलकाने समोर पाहिले. श्वेतगिरीचा पांढरा घुमट तिथून दिसत होता. खोटे कशाला सांगू, त्याचा जीव तुटला. मग त्याने उरलेली भाकरी झोळीत घातली, भोपळ्यात पाणी भरून घेतले आणि तो मागे फिरला. पहिलेच पाऊल काय ते जड गेले.

माई घळीत बसली होती. वाट चुकली हे तिला केव्हाच कळले होते, पण पुढे कडा आणि मागे नियम. म्हणून ती कड्याकडे तोंड करून, शेला उराशी धरून बसून राहिली होती.

"तू मागे आलास?" पाणी पोटात जाताच ती कडाडली. "मेल्या, काय केलंस हे! तिसरी खेप ना तुझी? मी नाही हलायची इथून. शेला तेवढा घेऊन जा."

"शेला तुमच्याच हातानं चढेल. बसा पाठीवर."

"म्हणजे मागेच जायचं ना?"

"मागे जाणार ते माझे पाय, माई. तुमचे जमिनीला टेकतायत कुठे?"

म्हातारी हसली, आणि हसता हसता रडू लागली. फाट्यापर्यंत त्याने तिला पाठीवर आणले, योग्य वाटेकडे तोंड करून उतरवले, आणि दोघे हळूहळू चालू लागले.

दिवस मावळता मावळता ते चैत्याच्या दाराशी पोहोचले. पाऊल मागे पडले का, असे दारवान प्रत्येकाला विचारी.

"नाही," माई म्हणाली, पण तिचा पाय उचलेना.

"जा आत," नीलक म्हणाला, "नाहीतर माझी पाठ उगाच दुखली म्हणायची." माई डोळे पुशीत आत गेली.

"आणि तुझं?" दारवानाने विचारले.

"पडलं," नीलक म्हणाला, आणि बाहेरच्या पारावर जाऊन बसला.

तिथे वसुभूती आधीच बसला होता.

"तुम्ही बाहेर कसे?" नीलकाने विचारले. "तुमचं पाऊल तर मागे पडलं नाही."

"नाही पडलं," वसुभूती खाली मान घालून म्हणाला. "म्हातारी तिकडे मरेल हे कळलं होतं, तरी मी पोटभर जेवलो. आता आत जायचा धीर होत नाही. उद्या पहिल्या दगडाकडे निघू दोघं. या खेपेला सगळ्यांच्या मागून मी चालेन."

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. आजारी सोबत्याला वाटेत सोडून एकटाच विहारात पोहोचलेला एक भिक्षू समोर बसला होता. त्याच्याकडे पाहून ते म्हणाले, "त्या जन्मीची उप्पलामाई म्हणजे आज आपल्या दाराशी फुले विकते ती म्हातारी. नीलक मी होतो. वसुभूती तू होतास. नीलकाने केली ती करुणा. वसुभूतीलाही ती सुचली, फक्त जरा उशिरा."

भिक्षू उठला. त्याने पाण्याचे भांडे भरून घेतले, आणि तो आल्या वाटेने परत निघाला.