न पोळलेला पाय

टाकळखोप्याच्या ओढ्याकाठी, भैरोबाच्या देवळामागच्या पडक्या ओवरीत त्या साली वाकळनाथ महाराजांचा मुक्काम होता. अंगावर एकच वाकळ, तीही ठिगळाला ठिगळ लावलेली. म्हणून हे नाव. भाविक हो, त्या गावावर तेव्हा मोठी अवकळा होती. गावात महारोग शिरला होता. त्या काळी त्यावर औषध कसलं? होती ती फक्त ओढ्यापलीकडची झोपडी. रोग दिसला की माणसाला तिकडे काढायचं, आणि मग तो मेला काय नि जगला काय, कुणी विचारत नसे.

ठकूबाईचा नवरा येसाजी त्याच झोपडीत गेला. सख्ख्या भावानं पाठ फिरवली, पण ही माउली रोज ओढा ओलांडायची. जखमा धुवायची, त्याच्या हाताला बोटं उरली नव्हती म्हणून घास भरवायची. तो गेला तेव्हा रडायलाही शेजारी कुणी आलं नाही. मग देऊळ झाडायचं, महाराजांना भाकरी न्यायची आणि लहानग्या लेकीला पोटाशी घेऊन निजायचं, एवढाच तिचा संसार उरला. तेवढाही लोकांना बघवला नाही हो!

गावचा मानकरी हैबतराव. जत्रेत निखाऱ्यांच्या चरावरून पहिलं चालायचा मान त्याच्या घराण्याचा. अलीकडे तर तो चराच्या मधोमध उभा राहून मिशीला पीळ द्यायचा. "देव माझ्या पायाला चटका लागू देत न्हाई," असं म्हणायचा, आणि लोक माना डोलवायचे.

त्या जत्रेत त्यानं देवळापुढं ठकूबाईला अडवलं. "ए बये, नवऱ्याचा रोग अंगात घेऊन गावभर हिंडतीस व्हय? निर्मळ असशील तर चाल निखाऱ्यांवरून. पोळलीस, तर लेक दिराच्या हवाली करायची आणि ओढ्यापलीकडं चालू लागायचं."

लेक पदराला घट्ट धरून उभी होती. ठकूबाईनं महाराजांकडे पाहिलं. महाराजांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "चाल, बाळ. भैरोबा तुझी साक्ष देईल."

रीतीप्रमाणे हैबतराव आधी चालला, मध्येच थांबून गर्दीकडे पाहून हसला आणि सावकाश बाहेर आला. मग ठकूबाईनं पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि पाऊल टाकलं. अरेरे, काय सांगू! "आई गं!" अशी किंकाळी फुटली की देवळावरची पाखरं उडाली. ती अर्ध्यातूनच बाहेर कोसळली. तळवे फोडांनी टरारून आले.

"पोळली! पोळली!" गर्दी ओरडली. दिरानं लेकीला दंडाला धरून ओढलं. ठकूबाई रांगत तिच्याकडे निघाली, तर माणसं विटाळ व्हावा तशी मागं सरली. "महाराज," ती हंबरडा फोडून म्हणाली, "हीच का तुमच्या देवाची साक्ष?"

महाराज तिच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "ठकू, येसाजीला सुरुवातीला काय झालं होतं, सांग बरं."

ती हुंदके देत सांगू लागली. "पाठीवर फिकट चट्टा पडला. मग भुवया विरळ झाल्या, करंगळी वाकली. येकदा चुलीतलं जळतं लाकूड पायावर पडलं, तर हसाय लागला. म्हणाला, मला काईच..."

तिथंच तिची जीभ अडखळली. नजर हैबतरावाच्या विरळ भुवयांवर आणि वाकलेल्या करंगळीवर गेली होती. तिनं मान खाली घातली. "म्या न्हाई बोलत, महाराज. त्यांनाबी लेकरं हायती."

महाराज म्हणाले, "मग मी बोलतो. बाबांनो, हा रोग आधी दुखणं चोरतो. कातडी मरते. चटका कळत नाही, काटा कळत नाही. मग जखम चिघळते नि बोटं झडतात. ठकू ओरडली, कारण तिची कातडी जिवंत आहे. हीच तिची साक्ष. हैबतराव, तळवा दाखवा."

हैबतरावानं हसतच पाय उचलला. टाचेत एक निखारा रुतून बसला होता. मांस जळत होतं आणि धूर निघत होता.

त्याचं हसू विरलं. त्यानं तो निखारा उपटला, टाच दाबली, पुन्हा दाबली. "काईच कळत न्हाई," तो पुटपुटला. मघाशी माना डोलवणारी तीच गर्दी ओरडली, "काढा याला पलीकडं!"

"खबरदार!" महाराज कडाडले. "यापुढं कुणीही पलीकडं जाणार नाही."

"महाराज, माझा रोग काढा!" हैबतराव लहान पोरासारखा रडू लागला.

"येसाजीचा काढता आला नाही, बाबा, तुझा कसा काढू? पण देवाकडं एक मागतो." महाराजांनी चिमूटभर अंगारा घेतला, डोळे मिटले आणि त्या टाचेवर हात ठेवला.

आणि हैबतराव किंचाळला. "दुखतंय! महाराज, दुखतंय!" तो ओरडत होता, रडत होता आणि हसतही होता. धन्य ते महाराज! रोग तिथंच थबकला. त्याची वाकलेली करंगळी मात्र अखेरपर्यंत वाकडीच राहिली.

त्यानं महाराजांच्या पायांवर झेप घेतली, तर महाराज मागं सरले. "माझे कशाला धरतोस? तू पोळवलेस ते धर."

दिराच्या हातून सुटून लेक एव्हाना आईच्या कुशीत शिरली होती. हैबतराव फरफटत आला आणि सगळ्या गावादेखत त्यानं ठकूबाईच्या पायांवर कपाळ टेकलं. ती कळवळली.

"हळू, दादा," ती म्हणाली. "लई दुखतंय."