ढाक शिकायला आलेला

दोष हर्षदचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गावातली थोर मंडळी मोबाइलच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाली.

"वस्ताद, आता तरी ढाक शिकवा की."

दस्तगीर वस्ताद आखाड्यातली माती हातानं मोकळी करत होते.

कुस्तीतला हा डाव हर्षद दोन वर्षं मागत होता. "अंग तयार न्हाई अजून," हेच उत्तर. आणि मगदुमांची ऋतुजा, काल आलेली पोर, तिला बोलावून शिकवला! तिनं ढाकेवर पोरगा पाडला, वस्तादांनी तिची पाठ थोपटली, आणि हर्षद जोर अर्धे टाकून घरी निघून गेला.

मग त्यानं मोबाइलवर तिचा चेहरा एका नागड्या अंगावर चिकटवला आणि दहावीच्या ग्रुपवर सोडला.

हेडसरांनी फोन जप्त केले. मुलींचे. सरपंचांनी मान हलवत फोटो पाहिला, पुढं पाठवला. हर्षदला "पोरवय हाय" म्हणून सोडून दिलं. ऋतुजाची शाळा सुटली, आखाडा सुटला. बापानं तिला मावशीच्या गावी नेऊन ठेवलं. वस्तादही तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसले होते.

"ती न्हाई आता," हर्षद म्हणाला. "मग माझ्यात काय कमी हाय?"

"ती होती तवा काय कमी होतं?"

"तुमचा हात. तिच्याच पाठीवर असायचा."

वस्ताद मातीतनं उठून उभे राहिले.

"बरं. शिकवतो. उतर."

हर्षदनं शर्ट भिरकावला, फोन कट्ट्यावर ठेवला, लंगोट आवळत मातीत उतरला.

"डाव हवेत बसत न्हाई," वस्ताद म्हणाले. मग बाकीच्यांना हाक दिली, "याची ढाक अंगावर कोण घेतंय रे?"

जोर मारणारी पोरं थांबली. हर्षदकडं कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी कट्ट्यावरच्या फोनकडं पाहिलं.

एकानं खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला. दुसऱ्यानं टॉवेल गुंडाळला.

"बाळ्या, तू तरी ये की! भ्यालास व्हय?" हर्षद ओरडला.

बाळ्या गळ्यापर्यंत बटणं लावत राहिला.

"वस्ताद... सांगा की त्यांना."

वस्तादांनी हातांची माती झटकली.

"डाव तुला आजबी देतो, हर्षद. पण तो अंगावर घ्यायला तुला आता माणूस उरला न्हाई."