गोजराने उतरवला कडब्याचा भाव

निंबगडात कडबा महागला आणि गाड्यांची चाकं जागच्या जागी थांबली. एका नाण्याला चार पेंढ्या मिळायच्या, तिथे आता एकच मिळू लागली! बैल उपाशी, तर गाडी कोण ओढणार? मीठ घाटाखाली अडकलं, गूळ घाटावर अडकला आणि बाजारात भांडण तेवढं फुकट मिळू लागलं.

मेघोजीराजे हट्टी, पण हातावर हात ठेवून बसणारे नव्हेत. त्यांनी दवंडी पिटली, "जुन्या भावापेक्षा जास्त घेईल त्याला फटके!" दुसऱ्या दिवशी बाजारातून कडबाच गायब! मग दवंडी मागे घेऊन त्यांनी गाडीवाल्यांना खजिन्यातून पैसे वाटले. दिवेलागणीच्या आत व्यापाऱ्यांनी भाव तेवढाच वर नेला. राजे दाणदाण पाय आपटत सज्जात आले, तोच खालून एक खणखणीत आवाज आला.

"दुखणं म्हशीला अन् डाग पखालीला!"

ती होती गोजरा, गाडीवानाची लेक. बापाचे गुडघे धरल्यापासून गाडी तीच हाकायची. तिच्या हरण्या-चितंग्या या बैलांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या, आणि पोरगी त्यापायी जगावर चिडलेली होती.

राजांनी तिला वर बोलावलं. "फार शहाणी दिसतेस! येत्या बाजारापर्यंत जुना भाव आणून दाखव. व्यापाऱ्यांवर जबरदस्ती नाही, खजिन्यातली कवडी नाही, बाहेरून कडब्याची काडी आणायची नाही. जमलं नाही तर तुझे बैल सरकारजमा!"

बैल गेले तर घरातली चूल गेली. पण माघार घेईल ती गोजरा कसली!

"चालंल, म्हाराज. फकस्त एक द्या. दरबारात कुणी कुठं बसायचं, ते बाजारापातुर मी ठरवीन."

"एवढंच?" राजे हसले. "दिलं!"

आता निंबगडची रीत अशी, की ज्याच्या मागे घोडे जास्त त्याची बैठक राजांच्या जवळ. त्यामुळे समोरच्या आळीत राहणारा सरदारसुद्धा वीस घोडे घेऊन दरबारात यायचा! मिशांना पीळ सरदार द्यायचे आणि कडबा घोडे खायचे.

सकाळी गोजरा दरबाराच्या दारात उभी राहिली आणि आल्यागेल्याचे पाय बघू लागली. एक म्हातारा कारकून घरून चालत आला होता. पाय धुळीने माखलेले. तिने त्याला थेट राजांच्या शेजारी बसवलं! वीस घोड्यांचे सरदार रणधीरराव गेले खांबाआड, चपलांपाशी.

"हा काय प्रकार?" रणधीरराव गरजले.

"ज्याच्या पायाला धूळ, त्यो म्हाराजांच्या जवळ. तुमचं पाय लई स्वच्छ हायेत, सरदार!"

दुसऱ्या दिवशी रणधीररावांनी कोपऱ्यापर्यंत घोडा आणला, तिथे पायांना मूठभर माती चोळली आणि ऐटीत आले. गोजराने त्यांना खालीवर न्याहाळलं.

"धूळ आली, पण घाम कुठं ऱ्हायला?"

दरबार खो खो हसला. तिसऱ्या दिवसापासून गडाच्या रस्त्यावर सरदारांची पायी झुंबड उडाली! दारात रिकामे घोडे पोसायचे कशाला? त्यांना आपापल्या गावच्या रानात चरायला धाडलं. गिऱ्हाईक आटलं तसे व्यापारी घाबरले. दडवलेल्या गंजी उघड्या पडल्या. नाण्याला एकाच्या दोन पेंढ्या झाल्या.

बाजाराचा दिवस उजाडला. राजे हत्तीवरून आले, मागे पागेतले सगळे घोडे. भाव ऐकून त्यांनी मिशीवर ताव मारला. "दोनच? जुना भाव चारचा! जप्त करा हिचे बैल!"

शिपायांनी कासऱ्याला हात घातला. गोजरा चितंग्याच्या गळ्याला मिठी मारून ओरडली, "म्हाराज, सरदार उतरले तवा एकाच्या दोन झाल्या. बाकीच्या दोन तुमच्या हत्तीच्या तोंडात हायेत! तुमी उतरा, म्हंजी त्याबी निघतील!"

राजांनी खाली पाहिलं. हत्ती खरंच निवांत पेंढी चघळत होता.

राजे उतरले. "हे घोडे आत्ताच्या आत्ता डोंगरातल्या गवतावर न्या," ते म्हणाले आणि धुळीतून चालू लागले. सरकारी पागेचंही गिऱ्हाईक गेलेलं बघून व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. एक ओरडला, "नाण्याला तीन!" लगेच शेजारचा ओरडला, "माझ्याकडे चार! चार घ्या, चार!"

"जिंकलीस, पोरी!" राजे म्हणाले. "जा, हा हत्ती तुला बक्षीस!"

गोजरा दोन पावलं मागे सरली.

"म्हाराज, काम तर म्या चोख केलं. मग ही शिक्षा कशापायी?"

राजे पोट धरधरून हसले, हसता हसता तिथेच कडब्याच्या गंजीवर बसले, आणि हरण्या-चितंग्याला सरकारी कुरणात जन्मभराची चराई बहाल करून टाकली.