गोबऱ्याचं तोंड

समुद्रात प्रवाळांची रानं दाट होती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका सपाट खडकावर निळी नावाची बोटाएवढी मासोळी आपल्या लेकींसह राहायची. मोठमोठे मासे तिच्यापुढे रांग लावत, तोंड उघडत, आणि ती खुशाल आत शिरून दातांतली घाण न् कल्ल्यांना चिकटलेल्या उवा वेचून खायची. त्या खडकावर कुणी कुणाला चावायचं नाही, असा रिवाजच होता.

म्हातारा गोबरा, मोठ्या जबड्याचा शिकारी मासा, तिचं रोजचं गिऱ्हाईक. एकदा दोन दिवस त्याला शिकार मिळाली नव्हती. निळी त्याच्या जिभेवर उभी राहून म्हणाली, "आबा, अजून थोडं उघडा हं." गोबऱ्याला वाटलं, एवढीशी तर आहे, आणि त्याने तोंड मिटलं. त्याचं पोट काही भरलं नाही. मागची रांग मात्र पांगली.

महिन्याभरात त्याचे कल्ले उवांनी बुजून गेले. श्वास पुरेना. धापा टाकत तो खडकापाशी आला आणि जबडा वासून निळीच्या लेकींना म्हणाला, "पोरींनो, या गं. शपथ घेतो, तोंड मिटणार नाही."

थोरली कपारीतूनच म्हणाली, "आबा, आमची आईही हेच समजून आत गेली होती."

गोबरा तिथेच तोंड वासून पडून राहिला. चौथ्या दिवशी त्याचे कल्ले हलायचे थांबले. पोरींनी आणखी बराच वेळ वाट पाहिली. मग एकेक करून त्या आत शिरल्या आणि उवा वेचू लागल्या.