गाळणी कुणाची?

इवलंसं घर. इवलंसं स्वयंपाकघर. तिथे राहायची शेवंतामावशी. आणि पिठाच्या डब्यामागे राहायचा चुटकू उंदीर. केवढा होता चुटकू? मावशीच्या अंगठ्याएवढा!

रोज दुपारी मावशी चहा करायची. चहा गाळायची. फुर्र फुर्र प्यायची. आणि बशीच्या काठावर टोस्टचा तुकडा ठेवायची. तो कुणाचा? चुटकूचा. कुरुम कुरुम, संपला!

एके दिवशी मावशीने चहा ठेवला आणि गेली मागे कपडे वाळत घालायला. भिंतीवर खिळा. खिळ्याला गाळणी. चकचक चकचक! चुटकूने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मावशीला विचारलं का? नाही विचारलं. गाळणी ओढली आणि पळाला अंगणात.

डोक्यावर घातली. झाली टोपी!
पालथी ठेवली. झालं घर!
दांड्यावरून घसरला. सुईंऽऽ! झाली घसरगुंडी!
पाण्याच्या टबात सोडली. झाली होडी! पण होडीला भोकंच भोकं. बुडुक! भिजला की हो चुटकू.
मग जास्वंदीला अडकवली. आत बसला. झाला झोका! झुईं झुईं, झुईं झुईं.

तेवढ्यात आली काऊताई. "काव काव! मस्त आहे!" तिने चुटकूला पाडलं, धप्प! गाळणी उचलली आणि शेवग्यावर नेली, भुर्रर्र!

घरातून मावशीचा आवाज आला, "अगं बाई! गाळणी कुठे गेली? आता चहा गाळू कशाने?"

चुटकूला लाज वाटली. कान झाले गरम गरम. तो शेवग्यावर चढला, सरसर सरसर.

"काऊताई, काऊताई, माझी गाळणी दे ना!"

'माझी' म्हणाला बरं का! कान झाले गरम गरम.

"वा रे वा! माझ्या घरट्याच्या बुडाला भोक पडलंय. गाळणी तिथे घट्ट बसली. माडदादाकडून नारळाची शेंडी आण. मग देईन गाळणी."

चुटकू गेला माडाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"माडदादा, माडदादा, शेंडी दे ना!
काऊताई गाळणी देईना,
माझी गाळणी मिळेना!"

कान झाले गरम गरम.

"देईन की. पण माझ्या पायाशी माती बघ, नुसता दगड! गांडोबा गांडूळ माती उकरेल, तर देईन शेंडी."

चुटकू गेला गांडोबाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"गांडोबा, गांडोबा, माती उकर ना!
माडदादा शेंडी देईना,
काऊताई गाळणी देईना,
माझी गाळणी मिळेना!"

कान झाले गरम गरम.

गांडोबा वळवळला. "उपाशी पोटी उकरू? मावशी रोज चहाचा चोथा टाकते इथे. तेच माझं जेवण. आज आलाच नाही! पातेली चोथा देईल, तर उकरीन माती."

आज चोथा का नाही आला? चुटकूला ठाऊक होतं. पण बोलला नाही. गेला पातेलीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"पातेलीबाई, पातेलीबाई, चोथा दे ना!
गांडोबा माती उकरीना,
माडदादा शेंडी देईना,
काऊताई गाळणी देईना,
माझी गाळणी मिळेना!"

कान झाले गरम गरम.

पातेली म्हणाली, "चोथा आहे माझ्या पोटात. पण चहात बुडालाय. मावशी चहा गाळेल, तर देईन चोथा. जा, तिलाच सांग."

मावशीला सांगायचं? बाप रे!

चुटकू निघाला. पण तुरुतुरु नाही हं. हळू... हळू... हळू... शेपूट पायात, मान खाली.

मावशी पाटावर बसली होती. चहा नाही, म्हणून डोकं दुखत होतं. समोर कप रिकामा. पण बशीच्या काठावर काय होतं? टोस्टचा तुकडा! चहा नव्हता, तरी चुटकूचा तुकडा होता.

तो पाहिला आणि चुटकूला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, की डोळ्यांत पाणीच आलं.

"मावशी, मावशी, चहा गाळ ना!
पातेली चोथा देईना,
गांडोबा माती उकरीना,
माडदादा शेंडी देईना,
काऊताई गाळणी देईना,
मा... मा... मा..."

"मा काय रे?"

"तुझी! तुझी गाळणी मिळेना! मी नेली, मावशी. विचारलं नाही. खेळलो आणि घालवली. मला खूप लाज वाटते."

मावशीने चुटकूकडे पाहिलं.

मग मावशी म्हणाली, "लाज वाटायलाच हवी, चुटक्या. पण सांगितलंस, बरं केलंस. जा, वाळत घातलेलं फडकं आण, त्यातून गाळू!"

चुटकूने धुतलेलं फडकं आणलं. मग काय झालं?

मावशीने फडक्यातून चहा गाळला, सुर्रर्र!
पातेलीने चोथा दिला.
गांडोबाने माती उकरली.
माडदादाने शेंडी दिली.
काऊताईने गाळणी दिली!

आता चुटकूने टोपी केली का? नाही. झोका केला का? नाही. दांडा धरला आणि ओढत ओढत थेट मावशीकडे, खडखड खडखड.

"घे मावशी. तुझी गाळणी."

मावशीने ती घासली, धुतली, खिळ्याला टांगली. मग फळीवरचा डबा काढला. डब्यात होती जुनी गाळणी! जाळी फाटलेली, दांडा वाकडा.

"ही माझ्या काय कामाची? घे तुला. वेड्या, मागितली असतीस, तर तेव्हाच दिली असती!"

चुटकूने वर पाहिलं, खाली पाहिलं. हसू आलं आणि पुन्हा थोडी लाजही आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने चहा गाळला. फुर्र फुर्र प्यायली. बशीच्या काठावर टोस्टचा तुकडा. जुन्या गाळणीची टोपी घालून चुटकू आला. तुकड्याजवळ थांबला.

"मावशी, घेऊ?"

"अरे, तुझाच आहे तो!"

"तरी विचारतो. घेऊ?"

"घे रे माझ्या राजा."

कुरुम कुरुम, संपला! आणि चुटकूचे कान? गार गार.

चहा संपला, बशी पालथी.
गोष्ट निजली पिठाच्या डब्यापाठी.