मकरंदराजाचा हौद आणि कोळशाचं पोट

मकरंदराजाच्या हौदातलं पाणी पुन्हा पिवळं झालं आणि राजाने कोळसेवाल्या बयाजीला कोठडीत टाकलं. हौदात राजाचे लाडके मासे होते. त्यांचं पाणी रहाटाने उपसून, कोळसा भरलेल्या रांजणातून गाळून परत हौदात सोडत. कोळसा वर्षभर टिकेल अशी ग्वाही प्रधानजींनी दिली होती, पण कोठडीत गेला तो बयाजी. राज्यकारभार म्हणतात तो हाच.

बयाजीची मुलगी गोजरा तडक दरबारात आली.

राजा म्हणाला, "कोळसा नेमका किती दिवस टिकतो, सांग. बरोबर सांगितलंस तर बाप सुटला. चुकलीस तर उद्या त्याची गाढवावरून धिंड!"

कुठलाही आकडा सांगितला तरी राजा तो खोटा ठरवणार, हे गोजराला कळत होतं.

ती म्हणाली, "आधी एक पेटती शेगडी द्या. आणि रांजणातला मूठभर कोळसा."

शेगडी आली. ओला कोळसा चरचरला, धूर निघाला आणि धुराबरोबर केवड्याचा घमघमाट सुटला. केवड्याचं अत्तर राज्यात एकट्या राजाने लावायचं, इतरांना सक्त मनाई. राजाच्या मिशा थरथरल्या.

"माझं अत्तर लावून माझ्या हौदात कोण उतरलं? धरा त्याला! गाढवावर बसवा!"

कोणी जागचं हललं नाही. अत्तर चोपडलेले पाय हौदात सोडून रोज दुपारी कोण बसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रधानजी छताची नक्षी पाहू लागले. सेनापतींना एकदम खोकला आला.

गोजरा म्हणाली, "धरतील हो. पण महाराज, आधी तुमच्या मापाचं गाढव शोधावं लागेल."

आता कुठे राजाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो पडेल आवाजात म्हणाला, "पण अत्तर म्हणजे काही घाण नव्हे."

"कोळशाला घाण काय नि अत्तर काय, दोन्ही सारखंच. मिळेल ते पोटात घेतो. पोट भरलं की संपला, मग रांजणात असून नसल्यासारखा."

"ते झालं. पण टिकतो किती दिवस?"

"ते तुम्हीच सांगायचं, महाराज. पाय रोज बुडणार, की सणासुदीलाच?"

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. बयाजी त्याच घटकेला सुटला, गोजराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि राजाचे पाय बुडवायला महालात एक तांब्याचं घंगाळ आलं.