कुणासाठीचा रकाना

"मग सही अडवलीत कशासाठी, सर?"

संज्योत घाटगेनं हा प्रश्न तीनदा ईमेलवर विचारला होता. चौथ्यांदा तिनं तो पुण्याहून गारगोटीला येऊन, पायातल्या चपला काढता काढता विचारला.

नाईकवडे सर पडवीत संगणकासमोर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसला आणि परत घातला.

"बस की," ते म्हणाले.

ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर. पाच मिनिटांत उठायचं असलेला माणूस बसतो तशी.

भांडण एका फाईलवरून होतं.

इमारतींचे नकाशे काढायचा 'ओळंबा' हा प्रोग्रॅम सरांनी तेवीस वर्षांपूर्वी, पॉलिटेक्निकात शिकवत असताना सुरू केला. फुकट वापरा, आतलं सगळं उघडून बघा, चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करून पाठवा, असा सगळा उघडा कारभार. बघता बघता जगभरातली दोन-अडीच हजार माणसं त्यात हात घालू लागली. त्यांनी लिहिलेले हजारो तुकडे एकत्र बांधून, म्हणजे 'बांधणी' करून, प्रोग्रॅम चालता कसा करायचा आणि त्याच्या माहितीपुस्तिकेची पानं कशी तयार करायची, हे सांगणारी एक सेटिंगची फाईल होती. ती सर सांभाळत. त्यांच्या सहीशिवाय तिच्यातला स्वल्पविरामसुद्धा हलत नसे.

हे काम मोठं बिनचेहऱ्याचं. प्रोग्रॅममध्ये नवं काही घालणाऱ्याचं कौतुक होतं, त्याची भाषणं होतात. सेटिंगची फाईल सांभाळणाऱ्याची आठवण बांधणी मोडली की येते, तीही शिव्या द्यायला.

सरांची नजर अधू झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, प्रत्यक्ष काम संज्योत करत होती. सही मात्र सरांची.

आणि तिनं सहा महिन्यांच्या झाडून सगळ्या सुट्ट्या घालवून ती फाईल नव्यानं लिहून काढली होती. चारशे बारा ओळींच्या नव्वद झाल्या. चाळीस मिनिटं चालणारी बांधणी चार मिनिटांत होऊ लागली. शनिवारी 'ओळंबा'ची नवी आवृत्ती निघायची होती. आज सही झाली नाही तर तिचं काम बाहेर राहणार होतं. तसं झालं तर आपणही 'ओळंबा'ला रामराम ठोकायचा, हे ती एसटीत ठरवूनच आली होती.

"चाळीसाची चार मिनिटं केली मी," ती म्हणाली. "यात चूक काय आहे तेवढं दाखवा."

"चूक न्हाई."

"मग?"

सर पडद्याकडे वळले.

त्यांनी तिची नवी फाईल उघडली. त्यांच्या पडद्यावर अक्षरं एवढी मोठी असत, की एका वेळी जेमतेम सहा ओळी दिसायच्या.

या फाईलची एक रीत होती. इतर ठिकाणी अशा ओळीशेजारी ती काय करते ते लिहितात, फार तर का करते ते. सरांच्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीशेजारी एक रकाना असे, 'कुणासाठी'. त्यात माणसाचं नाव, गाव आणि त्याची अडचण लिहायची. रकाना रिकामा ठेवला तर बांधणी सुरूच होत नसे, तशी सोयच सरांनी करून ठेवली होती. आणि ओळ काढून टाकायची असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं.

नवी मंडळी या रीतीला हसत. संज्योत हसत नसे, पण नव्वद रकाने भरत बसायचा तिला कंटाळा आला होता. हुशार माणसाला कंटाळा आला की तो युक्ती काढतो. तिनं एका आज्ञेत नव्वदच्या नव्वद रकाने भरून टाकले होते. बांधणी सुरळीत सुरू झाली, मग तिनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

सरांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"कुणासाठी... सगळ्यांसाठी."

बोट खालच्या ओळीवर आलं. "सगळ्यांसाठी."

त्याच्या खालच्या. "सगळ्यांसाठी."

विसाव्या ओळीपर्यंत ते असेच वाचत गेले. आवाजात ना चेष्टा, ना राग. संज्योतचे कान मात्र तापले.

"खोटं नाहीये ते," ती म्हणाली. "वेग सगळ्यांनाच हवा असतो."

"हवा असतो की. त्यातल्या एकाचं नाव सांग."

तिनं तोंड उघडलं...

आकडे तिच्या जिभेवर होते. 'ओळंबा' गेल्या वर्षी किती जणांनी उतरवून घेतला, कुठल्या देशात किती वापरणारे, सगळं तोंडपाठ. पण माणूस म्हणावा तर एकही आठवेना.



"लोकांची पत्रं येत असतील," सर म्हणाले.

येत होती, रोजची पन्नास-साठ. संज्योतनं त्यांना आपोआप उत्तर जाईल अशी व्यवस्था केली होती. आपली सूचना मिळाली, आभारी आहोत. त्यामुळे तिचा बराच वेळ वाचत असे.

पूर्वी तशी सोय नव्हती. बांधणी लावली की सरांचे हात चाळीस मिनिटं रिकामे असत आणि तेवढ्यात ते पत्रांना उत्तरं लिहीत. कुणी अगदीच बाळबोध विचारलं तरी दोन-दोन पानं. 'ओळंबा'तली जुनी माणसं अजून त्या पत्रांची आठवण काढतात.

सरांनी जुनी, चारशे बारा ओळींची फाईल उघडली आणि माऊस तिच्याकडे सरकवला.

"रकाना वाच."

त्या फाईलमधली ओळ न् ओळ संज्योतला ठाऊक होती. रकाना तिनं कधी वाचला नव्हता. तिनं भरभर सुरुवात केली, मग तिचा वेग आपोआप मंदावला.

बळवंत सुतार, आजरा. पडदा जुना आहे, पुस्तिकेतली अक्षरं मोठी हवीत.

चिनेलो, एनुगू. सारखी वीज जाते, बांधणी थांबली तिथून पुढं सुरू व्हावी.

मार्गिट, सेगेद. हाताला कंप आहे, पुस्तिकेतली बटणं लांब लांब असावीत.

तिला वाटलं, एखाद्या आळीतून जावं आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं असावं, तसं चाललंय हे. दोनशे सातवी ओळ आली.

सं. घाटगे, गडहिंग्लज, मुलींचं वसतिगृह. नेट नाही. सगळी पुस्तिका चित्रांशिवाय एका छोट्या फाईलमध्ये मावावी, पेनड्राइव्हवर नेता येईल अशी.

संज्योत थांबली.

ही ओळ तिनं मार्चमध्येच काढून टाकली होती. वर शेराही मारला होता, निरुपयोगी, कुणी वापरत नाही.

तेरा वर्षांपूर्वीची ती खोली तिच्यासमोर आली. चार मुलींत मिळून एक जुनाट संगणक, तोही कुणाच्या तरी मावसभावाचा. रविवारी बाजारात गेलं की नेट कॅफेत अर्धा तास. तिथं बसून तिनं भीत भीत एक पत्र लिहिलं होतं, निम्मं मराठी, निम्मं मोडकं इंग्रजी. पुढच्या रविवारी उत्तर आलेलं होतं. 'तुमच्यासाठी फाईलमध्ये एक ओळ घातली आहे. चालते का बघून कळवा.'

तुमच्यासाठी! अठरा वर्षांच्या पोरीला तोवर कुणी अहोजाहो केलं नव्हतं. त्या वर्षी चौघी जमिनीवर सतरंजी टाकून आळीपाळीनं ती पुस्तिका मोठ्यानं वाचत. एक वाची, एक करून बघे, दोघी चुका काढत. आज ती जी काही होती ती त्या सतरंजीवर झाली होती. किती सुखाचे दिवस ते, असं तिच्या मनात आलं. लगेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्या दिवसांवर 'निरुपयोगी' असा शेरा तिनंच मारला होता.

"ओळ काढताना त्या माणसाला विचारायचं असतं," ती खाली बघत म्हणाली. "मी मलासुद्धा विचारलं नाही."



मग संज्योत खुर्चीत मागं सरकून नीट बसली आणि तिनं साठलेल्या पत्रांतली बांधणीबद्दलची तेवढी उघडली.

अठ्ठाविसावं पत्र जतहून होतं. फातिमा मुल्ला तिथं मुलींच्या आयटीआयमध्ये शिकवत. त्यांनी लिहिलं होतं, की मुली 'ओळंबा'त छोट्या छोट्या दुरुस्त्या करून बघतात, पण तास एक, त्यात शिकवण्यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि बांधणीला चाळीस लागतात. आपण केलेला बदल चालताना कसा दिसतो, ते एकाही मुलीनं अजून पाहिलेलं नाही. काही करता येईल का? पत्राला दीड महिना झाला होता. खाली आपोआप गेलेलं उत्तर होतं. त्याच्याही खाली फोन नंबर.

संज्योतनं नंबर फिरवला. आपण कोण आणि कशासाठी फोन केला ते सांगितलं.

"मला वाटलं, तिकडं माणूसच नाही," फातिमाबाई म्हणाल्या.

बोलणं वीस मिनिटं चाललं. बांधणी चार मिनिटांत होईल हे ऐकून बाई एवढ्या हरखल्या, की संज्योतलाच भरून आलं. सहा महिन्यांत हा आनंद तिला मिळाला नव्हता. फोन ठेवता ठेवता बाईंनी एक विनंती केली. वर्कशॉपात नेट नाही, ती चित्रांशिवायची छोटी पुस्तिका पेनड्राइव्हवर नेऊन मुलींना देतो, नव्या आवृत्तीत तेवढी असू द्या.

"असणार," संज्योत म्हणाली. फोन ठेवला तरी तिचा हात त्यावरच होता.

मग तिनं आपल्या नव्वद ओळींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर वेग त्यातल्या चारच ओळींनी आणला होता. जुन्या सव्वातीनशे तिनं काढल्या होत्या त्या फाईल देखणी दिसावी म्हणून. सव्वातीनशे माणसांना विचारायचं तर वर्ष गेलं असतं, आणि विचारल्यावर एकही हो म्हणाला नसता, हे तिला आता कळत होतं.

तिची देखणी फाईल तिनं बाजूला ठेवली. जीव तुटला, खोटं कशाला बोला. जुनी फाईल जशीच्या तशी घेतली, तिच्या शेवटी आपल्या चार ओळी जोडल्या आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, फातिमा मुल्ला, जत. तास संपायच्या आत बांधणी व्हावी.

दोनशे सातव्या ओळीतही तिनं ते नाव घातलं, आपल्या नावाखाली. पुण्यात राहून 'मी आले, मी गेले' म्हणायला शिकलेली संज्योत एकदम गावाकडच्या बोलीत सरांना म्हणाली, "माझं नाव असू देतो, सर. नको का?"

"असू दे."

तिनं बांधणी लावून पाहिली. चाराची पाच मिनिटं झाली. तेवढ्यात तिनं आणखी एका पत्राला उत्तर लिहिलं.

बांधणी पार पडली, पुस्तिकेची पानं नीट तयार झाली. संज्योतनं सहीची चौकट उघडली आणि कीबोर्ड दोन्ही हातांनी सरांपुढं धरला.

"आता करा, सर."

सरांनी चष्मा काढून मिटला, खिशात ठेवला आणि कीबोर्ड तिच्याकडे परत वळवला.

"माझी कशाला? सांभाळणाऱ्याची सही लागते."